उन्हाळा, फुल टाकी आणि गाडीखालचे थेंब

‘उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, पेट्रोल तापून स्फोट होतो’ हा मेसेज दर एप्रिलमध्ये फिरतो. भर उन्हात गाडीखाली पेट्रोल ठिबकताना दिसलं की तो खराही वाटतो.

पेट्रोल आपोआप पेटायला साधारण अडीचशे अंशांहून जास्त तापमान लागतं. उन्हात टाकी कितीही तापली तरी त्याच्या जवळपासही जात नाही. खरं आहे ते एवढंच, की पेट्रोल फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून ते थंड येतं. 12 लिटर पेट्रोल 20 अंशांनी तापलं तर सव्वादोनशे मिलीच्या आसपास वाढतं. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीत त्याला जागा कुठे? स्पोर्ट बाइकला झाकणाच्या खाचेत एक बारीक भोक असतं. सांडलेलं तिथून नळीवाटे थेट खाली जातं. (हे भोक मातीने बुजलं तर पावसाचं पाणी टाकीत उतरतं, ते वेगळंच दुखणं.)

तपासायचं असेल तर इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत, आसपास विडी-सिगारेट नसताना बघा. सगळं कोरडं पुसा, पेट्रोल झाकणाच्या गळ्याखाली दोन बोटं राहील इतकंच ठेवा आणि खाली पुठ्ठा अंथरा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल आणि डागही नसेल तर बहुधा गळती नव्हती, फुगून सांडलेलंच पेट्रोल होतं. डाग पडला तर त्याच्या बरोबर वर पांढरा कपडा फिरवत जा: पाइपची क्लिप, कॉक, कार्बोरेटर, इंजेक्शनच्या गाडीत पंपाचं गॅस्केट. तडकलेल्या पाइपला एम-सील फासू नका, पेट्रोलचाच नवा पाइप घाला. तोवर गाडी सुरू करू नका.