निम्मे प्रश्न चुकले, तरी पुढच्या फेरीत?

परवा भाचा विश्रामबागेतल्या अभ्यासिकेतून थेट आमच्याकडे आला, तोंड पाडून. बी.एस्सी. झालाय, नोकरी शोधतोय. सकाळीच एका कंपनीची ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट दिली होती. "मामा, वाट लागली. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न आणखी अवघड. निम्मे तरी चुकले असतील." त्याच्याच बरोबरच्या मित्राला मात्र टेस्ट 'एकदम सोपी' गेली होती. चार दिवसांनी निकाल लागला. भाचा पुढच्या फेरीत, मित्र बाहेर. मित्राच्या घरी आता 'सेटिंग' हा शब्द फिरतोय.

सेटिंग आहे, पण ते गणिताचं. ॲप्टिट्यूडला सरकारी मराठीत 'अभियोग्यता' म्हणतात. त्यात 'अभियोग' दडलेला असल्यामुळे की काय, पोरं टेस्टला कोर्टात उभं राहिल्यासारखी बसतात. बँकांच्या परीक्षांत एका शिफ्टमधल्या सगळ्यांना एकाच काठिण्याचे प्रश्न येतात. भाच्याची टेस्ट मात्र ॲडॅप्टिव्ह होती: तुमच्या आधीच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. एमबीए प्रवेशासाठीची जीमॅट परीक्षा १९९७ पासून अशीच चालते. कल्पना त्याहून खूप जुनी. १९०५ मध्ये फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांनी मुलांसाठी बुद्धिचाचणी बनवली, तेव्हाच प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे रचले होते.

आता मला आवडणारा भाग. सांगलीकराला तो बुद्धिबळातून चटकन कळेल. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळात पिढ्या घडवल्या, त्यामुळे 'रेटिंग' हा शब्द आपल्याकडे घराघरात माहीत आहे. हे रेटिंग भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांच्या डोक्यातून आलं आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने ते १९७० मध्ये स्वीकारलं. त्याचं मर्म एवढंच: दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून निकालाचा आधीच अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष निकाल त्या अंदाजापेक्षा किती वेगळा लागला, तेवढेच गुण हलवायचे. रेटिंग सारखं असेल तर जिंकायची शक्यता निम्मी. ४०० गुणांनी वरचढ असाल तर दहातले साधारण नऊ गुण तुमचे धरलेले. म्हणून स्थिरावलेल्या खेळाडूला बरोबरीच्या खेळाडूवरच्या विजयाचे १० गुण मिळतात आणि ४०० नी खालच्याला हरवल्याबद्दल जेमतेम दोनेक. त्याच्याकडून हरलात तर मात्र अठराएक गेले.

आता समोरच्या खेळाडूच्या जागी प्रश्न बसवा. शेकडा नफ्या-तोट्याचा साधा प्रश्न १२०० रेटिंगचा, सात मित्र गोल टेबलाभोवती बसवायचा किचकट प्रश्न १९०० चा. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. प्रत्यक्षात प्रश्न आधी बऱ्याच उमेदवारांना घालून पाहतात आणि कोण अडखळलं यावरून त्याचं काठिण्य ठरवतात. तुम्ही उत्तर देता म्हणजे त्या प्रश्नाशी एक डाव खेळता. डॅनिश गणिती गेऑर्ग राश यांनी १९६० च्या पुस्तकात परीक्षांसाठी हेच गणित मांडलं. राश यांचा वक्र आणि एलो यांचं कोष्टक एकमेकांवर जवळजवळ तंतोतंत बसतात.

मग संगणक तोलामोलाचाच प्रश्न का शोधतो? आपल्याकडच्या मैदानात पंच जोड बघून कुस्ती लावतात. तालमीतल्या पोरासमोर नामांकित मल्ल उभा केला तर निकाल आधीच ठाऊक, आणि त्यातून पोराची ताकद काही कळत नाही. गणितातही तसंच. बरोबर यायची शक्यता गुणिले चुकायची शक्यता म्हणजे त्या प्रश्नातून मिळणारी माहिती. शक्यता निम्मी असेल तर ०.५ × ०.५ = ०.२५. सोपा प्रश्न, बरोबर यायची शक्यता ०.९, तर ०.९ × ०.१ = फक्त ०.०९. म्हणजे तीन सोपे प्रश्न मिळून एका तोलाच्या प्रश्नाएवढं सांगतात. संगणक मुद्दाम तुम्हाला पन्नास टक्क्यांच्या काठावर नेऊन उभं करतो. (चार पर्यायांत ठोकून उत्तर बरोबर येऊ शकतं, म्हणून खरा काठ निम्म्याच्या जरा वर असतो. ते इथे सोडून देऊ.)

थोडक्यात, भाच्याचे निम्म्याच्या आसपास बरोबर आले आणि बहुधा मित्राचेही तेवढेच. पण एकाने ते १८०० च्या प्रश्नांशी मिळवले, दुसऱ्याने १३०० च्या. मित्राला टेस्ट सोपी वाटली कारण प्रश्न खरंच सोपे होते, आणि आपलं चुकतंय हे त्याला कळलं नाही.

यावरच एक फॉरवर्ड फिरतोय: सुरुवातीचे प्रश्न मुद्दाम चुकवा, पुढे सोपे येतील. येतील की! पण १२०० वाल्यांना हरवून ग्रँडमास्टर कोण झालंय? त्यातले निम्मे प्रश्न परत वर चढण्यातच संपतील. याहून वाईट म्हणजे बोटांचे ठसे घेऊन मुलाची 'जन्मजात ॲप्टिट्यूड' सांगणारे रंगीत रिपोर्ट. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात दहाव्या आठवड्याच्या सुमारास उमटू लागतात. त्यांच्यावरून माणूस ओळखता येतो, त्याला वेळ-काम-वेगाची गणितं जमतील का हे नाही. पत्रिका बघणारा निदान दक्षिणेवर भागवतो, हे लोक हजारांत पैसे घेतात.

पण टेस्टवाल्यांनीही फार ऐटीत राहू नये. थोडं गणित सहन करा. २५ प्रश्न, प्रत्येकाची माहिती जास्तीत जास्त ०.२५, बेरीज ६.२५. त्याचं वर्गमूळ २.५, आणि त्याचा व्यस्त ०.४. ही मोजमापातली प्रमाण त्रुटी, राश यांच्या एककात. एलोच्या भाषेत एक एकक म्हणजे सुमारे १७४ गुण, म्हणून त्रुटी साधारण ७० गुणांची. म्हणजे १७०० आलेला उमेदवार खरा १६३० चा असू शकतो किंवा १७७० चा, आणि तीनातल्या एकाच्या बाबतीत या पट्ट्याच्याही बाहेरचा. त्रुटी निम्मी करायची तर प्रश्न चौपट लागतात. २५ च्या जागी १०० प्रश्न! तेवढा वेळ कोणती कंपनी देणार? मग ती १७०० वर कटऑफची रेघ मारते आणि १६९० वाला घरी जातो. त्या दोघांत फरक आहे असं हे गणित छातीठोकपणे सांगू शकत नाही.

भाच्याने हे सगळं शांतपणे ऐकलं, वर दोन कप चहा संपवला. जाता जाता म्हणाला, "मामा, पटलं. पण ते सत्तर गुण एचआरला कोण सांगणार?"