पार्श्वभूमी : शिक्क्याची पेटी शहरात कशी आली

खिशात शिक्का, शाईचं पॅड आणि वही टाकून एखादी दुपार शहरातल्या बागा, जुने पूल, स्मारकांचे चौथरे धुंडाळण्यात घालवणारी मंडळी आपल्या लेटरबॉक्सिंग या छंदाचं (क्लूवरून, म्हणजे शोधखुणेवरून, लपवलेली पेटी शोधायची, तिच्यातल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा आणि आपला पेटीतल्या वहीत उठवायचा) मूळ सांगताना थेट 1854 सालापाशी जातात. ते बरोबरच आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या उजाड माळावर चॅगफर्डच्या एका वाटाड्याने क्रॅनमियर पूल (इथे पूल म्हणजे तळं) या दलदलीच्या, आडबाजूच्या जागी बाटली ठेवली आणि तिथवर पोचणाऱ्यांनी आपलं कार्ड तिच्यात टाकावं अशी प्रथा पडली. बाटलीच्या जागी पुढे पत्र्याचा डबा आला, 1905 मध्ये वही, 1907 मध्ये रबरी शिक्का आणि 1937 मध्ये ग्रॅनाइटची पक्की पेटी. 1970 च्या दशकापर्यंत सगळ्या माळावर अशा पेट्या डझनभरच होत्या. मग त्यांचं पेव फुटलं आणि संख्या हजारांवर गेली. पेट्या पुरातन दगडी रांगांत, समाध्यांत किंवा भिंतींत ठेवू नयेत, त्यासाठी खणू नये, सिमेंट वापरू नये हे संकेत त्या गर्दीतून आले.

मात्र आजची शहरी दुपार या माळावरून सरळ चालत आलेली नाही. डार्टमूरचा क्लू म्हणजे होकायंत्राचं गणित : अमुक सुळका इतक्या अंशांवर, तमुक कुरणाचा कोपरा तितक्या अंशांवर, तिथून इतकी पावलं, मग खडकाच्या पोटात हात घाला. असा क्लू उंच इमारतींच्या गर्दीत काय कामाचा? शहराला लागतो तो शब्दांचा क्लू. ‘कोनशिलेवरच्या सालातले शेवटचे दोन आकडे घ्या, तेवढ्या पायऱ्या उतरा’ अशा धाटणीचा.

त्याची तालीम अमेरिकेत झाली. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशरच्या सीमेवरून वाहणाऱ्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात 1990 च्या दशकाच्या मध्यापासून शाळकरी मुलं आणि गावकरी मिळून आपापल्या गावाच्या शोधवाटा रचू लागले होते. क्लू बहुतेक वेळा यमकात. वाट जुन्या गिरणीवरून, दफनभूमीवरून, गावच्या हिरवळीवरून जायची आणि शेवटी पेटी, वही, शिक्का. पेटी हे निमित्त, गाव बघणं हे काम. एप्रिल 1998 मध्ये स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या मासिकात डार्टमूरच्या पेट्यांवर लेख आला आणि देशभरातल्या वाचकांनी पेट्या लपवायला घेतल्या. ठिणगी लेखाची, पण आग पसरली ती इंटरनेटमुळे. क्लू तोंडी मिळवायची गरज उरली नाही. कोणीही यादी उघडावी, आपलं शहर शोधावं आणि निघावं.

अमेरिकेने आणखी एक भर घातली आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते : हाताने कोरलेला शिक्का. डार्टमूरवर बहुतेक शिक्के दुकानातून करून आणलेले असत. अमेरिकेत खोडरबरावर किंवा लिनोलियमवर बारीक पात्याने आकृती कोरायची पद्धत रूढ झाली. अक्षरं उलटी कोरावी लागतात, आणि पातं जरा तिरकं घुसलं तर रेघेखालचा आधार जाऊन दोन ठशांत ती रेघ मोडते. ठसा उठवल्यावर शिक्का कोरडा पुसून वेगळ्या पिशवीत ठेवावा लागतो, नाहीतर पुढच्या माणसाच्या हाती बुरशी येते.

मे 2000 च्या सुरुवातीला जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकण्यात आली. शंभरेक मीटरची अनिश्चितता एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. 3 मे रोजी ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ एकाने वही, पेन्सिल आणि किरकोळ वस्तूंची बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. नियम एवढाच : काही घ्या, काही ठेवा. जिओकॅशिंगची ही सुरुवात.

पुढे या नव्या खेळाच्या मुख्य संकेतस्थळाने एक निर्णय घेतला, त्यावरचं भांडण अजून विझलेलं नाही. त्यांनी आपल्या प्रकारांत ‘लेटरबॉक्स हायब्रिड’ असा एक प्रकार घेतला. पेटीत शिक्का हवा, तो पेटीतच राहायला हवा, पण शोधात कुठेतरी जीपीएसचा वापर असलाच पाहिजे. समर्थकांचं म्हणणं, दोन्ही खेळांची माणसं एका पेटीपाशी भेटतील, क्लूवाल्यांना नवे भिडू मिळतील. ते अगदीच खोटं ठरलं नाही. पण जीपीएसची अट घालताच लेटरबॉक्सिंगमधलं निम्मं काम संपलं, हा जुन्या मंडळींचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. क्लू वाचणारा मान वर करून चालतो; आकड्यांच्या मागे जाणारा पडद्याकडे बघत.

दुसरी तक्रार व्यवहारातली. ‘काही घ्या, काही ठेवा’ या सवयीने आलेले लोक शिक्काच बक्षीस समजून उचलून नेत. कोणाची दोन संध्याकाळींची कोरणी गेली आणि बदल्यात पेटीत प्लॅस्टिकचं खेळणं. म्हणून आता कित्येक झाकणांच्या आत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : शिक्का नेऊ नका.

तिसरा वाद मोजणीचा. अमेरिकी लेटरबॉक्सर सहीपुढे पी, एफ, एक्स असे आकडे लिहितात : लपवलेल्या, सापडलेल्या आणि समोरासमोर झालेल्या ठशांची देवाणघेवाण. अक्षांश-रेखांशावर सापडलेली पेटी एफमध्ये धरायची का? पंच कोणीच नाही. काही धरतात, काही धरत नाहीत, काही दोन वेगळे आकडे ठेवतात, आणि ‘तुझे किती?’ हा साधा प्रश्न जमावात वितुष्ट आणायला पुरतो.

फोनात जीपीएस आल्यावर शहरं लपवलेल्या डब्यांनी भरली आणि पोलिसांचाही संबंध आला. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात रस्त्याकडेला लपवलेली प्लॅस्टिकची डबी बॉम्ब असल्याच्या संशयावरून स्फोट घडवून उडवण्यात आली, निघाली जिओकॅश. त्यानंतर पारदर्शक डबे, बाहेर ठळक लेबल, जागामालकाची परवानगी यांवर भर वाढला. शिवाय गर्दीत लपवणं सोपं म्हणून डबे आकसत गेले, पार कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीएवढे. तेवढ्यात सह्यांच्या कागदाची गुंडाळी मावते. कोरलेला शिक्का आणि वही मावत नाही. त्यामुळे शहरात शिक्क्याची पेटी ठेवणारे आता भर चौक सोडून दफनभूमीच्या कडा, नदीकाठचे बंधारे, मोठ्या बागांचे मागचे कोपरे निवडतात.