इंटार्सियाचं डिझाईन : हातानं आणि कॉम्प्युटरवर

इंटार्सिया म्हणजे वेगवेगळ्या रंगाच्या लाकडाचे तुकडे कापायचे, प्रत्येकाच्या कडा घासून गोल करायच्या आणि शेजारी शेजारी बसवून प्लायवर चिकटवायचे, की झालं चित्र. रंग लावायचा नाही, लाकडाचा मूळ रंग आणि त्याचा ग्रेन, म्हणजे अंगच्या रेषा, यावरच सगळा खेळ. मार्केट्री या लाकडी चित्राच्या दुसऱ्या प्रकारात व्हिनियर, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, असतात, काम सपाट राहतं, आणि म्हैसूरच्या शिसवी इनलेमध्ये खाच कोरून त्यात दुसरं लाकूड बसवतात. इंटार्सियात तुकडे साधारण १८-२० मिमी जाडीचे, कुठला वर कुठला खाली, त्यामुळं चित्राला चांगला उठाव येतो.

प्रकार मूळचा इटलीतला. १५ व्या शतकात गुब्बिओच्या राजवाड्यातली एक छोटी खोली अशा लाकडी चित्रांनी मढवली होती, अर्धवट उघडी कपाटं, आत पुस्तकं, वाद्यं, असं सगळं सपाट भिंतीवर. ती खोली आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. आजचा उठावदार प्रकार मात्र अमेरिकेतला, जुडी गेल रॉबर्ट्स यांनी तो लोकांपर्यंत नेला. कोल्हापुरात ही काही जुनी परंपरा नाही, पण लागणारं सामान आणि हात इथं आहेत. उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) करणारे मिस्त्री आहेत, ज्यांना मिमीचा हिशोब पाठ असतो, आणि चित्रकार तर गल्लोगल्ली. बाबूराव पेंटर स्वतः मेस्त्री घराण्यातले, तेव्हा करवत आणि ब्रश एका घरात नांदणं या गावाला नवीन नाही.

आता डिझाईन. चांगलं चित्र म्हणजे चांगलं डिझाईन असं अजिबात नसतंय. कागदावरची प्रत्येक रेघ म्हणजे करवतीचा एक काप, त्यामुळं रेघ मधेच सुटलेली चालत नाही, तिनं दुसऱ्या रेघेला किंवा बाहेरच्या कडेला जाऊन भिडलंच पाहिजे. चार रेघा एका टिंबावर आणल्या की चार टोकं तिथं जुळवत बसावं लागतं आणि ती कधीच धड जुळत नाहीत, बारीक भोक दिसतंच, म्हणून एक सांधा थोडा सरकवून तिठा करायचा. लांब निमुळतं टोक ग्रेनच्या आडवं गेलं की हमखास मोडतंय.

दाजीपूरच्या गव्याचं उदाहरण घेऊ. राधानगरी अभयारण्य गव्यासाठीच प्रसिद्ध, आणि इंटार्सियाला हा प्राणी एक नंबर, कारण रंग निसर्गानंच वाटून दिलेत: अंग काळपट तपकिरी, पाय गुडघ्याखाली पांढरे, शिंगं पिवळट आणि टोकं काळी. नवखा माणूस काय करतो, अख्खं अंग शिसमाच्या एकाच तुकड्यात काढतो आणि मग तो गवा नाही, काळा दगड दिसतो. अंगाचे चार-पाच भाग पाडायचे. खांद्यावरचा उंचवटा पाठीच्या मध्यापर्यंत येऊन एकदम संपतो, ती एक नैसर्गिक रेघ मिळतेच, मग मान, पोट, मांडी. सगळे भाग एकाच शिसवी फळीतून काढले तरी प्रत्येकात ग्रेनची दिशा वेगळी ठेवली, मानेला खाली उतरती, पोटाला आडवी, की उजेड प्रत्येक तुकड्यावर वेगळा पडतो आणि अंग भरीव वाटतं. पलीकडचे दोन पाय बाकीच्यांपेक्षा ५-६ मिमीनं पातळ ठेवायचे, म्हणजे ते आपोआप मागं जातात. पायांचा पांढरा भाग शिवणीच्या किंवा पाईनच्या फिक्या लाकडात. शिंग हेदूच्या पिवळट लाकडाचं, ग्रेन शिंगाच्या लांबीतून, टोक वेगळं काळं. डोळा कापायच्या नादाला लागू नये, ६ मिमीचं भोक पाडून काळा गोल दांडका ठोकला की काम झालं. हे सगळं डिझाईनवरच लिहून ठेवतात: तुकड्याचा नंबर, लाकूड, ग्रेनचा बाण आणि वर का खाली.

रेघ बारीक हवी, यावर मात्र तडजोड नाही. स्क्रोल सॉ, म्हणजे वळणं कापायची बारीक पात्याची मशीन करवत, तिचं पाच नंबरचं पातं जाडीला साधारण ०.४ मिमी असतंय. शेजारचे दोन तुकडे दोन वेगळ्या फळ्यांतून येतात, प्रत्येक वेळी रेघेच्या मध्यावरून कापायचं असतं, आणि रेघच मार्करनं १ मिमीची ओढलेली असेल तर मधे फट राहणार नाहीतर तुकडे एकमेकांवर चढणार.

हातानं करणाऱ्यांची पद्धत जुनीच. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, उजेडाला खिडकीच्या काचेवर धरायचा, आधी बाहेरची कड, मग मोठे भाग, आणि तपशील सगळ्यात शेवटी, त्यातला निम्मा खोडायचा. मोठं करायला चौकटी पाडायच्या, भिंती रंगवणारे पेंटर करतात तसं, २ सेमीची चौकट ६ सेमीची केली की चित्र तिप्पट. मूळ प्रत कधी कापायची नाही. झेरॉक्स चार-पाच काढायच्या आणि त्याच कापून लाकडावर चिकटवायच्या, कारण शेजारच्या दोन तुकड्यांची सामायिक रेघ दोघांनाही लागते, आणि सगळ्या प्रती एकाच मशीनवर, एकाच वेळी, कागद त्याच दिशेनं घालून काढाव्यात, कारण मशीन चित्र किंचित ताणतंय आणि दोन दुकानांच्या झेरॉक्स एकमेकींशी जुळत नाहीत.

कॉम्प्युटरवर फायदा एकच पण मोठा, खोडायला आणि आकार बदलायला कष्ट नाहीत. फ्लेक्स आणि डीटीपीच्या दुकानात कोरलड्रॉ हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर असतंच, घरी करायचं तर इंकस्केप फुकट आहे. फोटो खालच्या लेयरवर फिका करून लॉक करायचा आणि वर पेन टूलनं रेघा ओढायच्या, नोड (रेघेवरची टिंबं) जितके कमी तितकी वळणं गोड. त्याआधी फोटो चार-पाच छटांत पोस्टराईज करून बघावा, आपल्याकडं जेवढी लाकडं तेवढ्याच छटा, भाग कुठं पाडायचे ते बरंचसं तिथंच कळतं. बटण दाबून ऑटो ट्रेस करायचा, म्हणजे रेघा सॉफ्टवेअरकडूनच काढून घ्यायचा, मोह सगळ्यांना होतो. पेननं काढलेलं चित्र ट्रेसला दिलं की सॉफ्टवेअर शाईच्या दोन्ही कडा पकडतंय आणि एका रेघेच्या दोन रेघा होतात, मग त्या पुसत बसण्यापेक्षा हातानं काढलेलं लवकर होतं. इंकस्केपच्या १.० पासून मधली एकच रेघ पकडायची सोय आली आहे, तरी सांधे हातानं दुरुस्त करावे लागतातच. फोटोवर थेट ट्रेस चालवला तर शेकडो बारीक तुकडे पडतात, स्क्रीनवर भारी दिसतात, कापता एकही येत नाही. बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा शक्यतो नकोच, घासताना तो धरायचा कसा हा साधा प्रश्न आहे.

प्रिंटला 'फिट टू पेज' बंद ठेवायचं आणि कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन काढून पट्टीनं मोजायचा. मोठं चित्र ए-४ च्या पानांत तुकड्या-तुकड्यानं छापून जोडतात, पण आर्किटेक्टांचे नकाशे छापणाऱ्या दुकानात प्लॉटरवर एका कागदात मिळतं, ते बरं.

लाकूड ठरवताना टिंबर मार्केटातला कोरडा तुकडा बघून फसायला होतं. ओल्या फडक्यानं पुसलं की पॉलिशनंतरचा रंग साधारण कळतो. फणस आज पिवळाधमक, पण वर्षं गेली की तपकिरी होत जातो, म्हणून त्याला सागवानाशेजारी ठेवू नये, पुढं दोघं एकमेकांत मिसळून जातात.

आणि मागच्या प्लायचा आकार कधीही डिझाईनवरून कापायचा नाही. घासून घासून तुकड्यांच्या कडा कागदापेक्षा हललेल्या असतात, म्हणून सगळे तुकडे जुळवून प्लायवर ठेवायचे, पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेच्या २-३ मिमी आतून कापायचं.