भंडारदऱ्याला एका दिवसात जाऊन यायचंय? गाडी ठरवण्याआधी हे वाचा

जून उजाडला की आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन येतात ते भंडारदऱ्याचे. आणि निम्म्या फोनची सुरुवात एकच असते: "दादा, एका दिवसात सगळे पॉइंट होतील ना?" नाही होणार. कुणी होतील म्हणून सांगत असेल, तर तो तुम्हाला दिवसभर गाडीतच फिरवणार. तळ्याची एक बाजू नीट बघा, पाण्याजवळ तासभर निवांत बसा आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा, असा आमचा सल्ला. उरलेलं पुढच्या वेळी.

नाशिकहून अंतर साधारण 70 किलोमीटर, वेळ दोन तास. पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे करत घोटीला पोचायचं आणि तिथे मुंबई महामार्ग सोडायचा. बारीच्या घाटात कळसूबाई समोर उभी राहते. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. "जाता जाता कळसूबाई चढून येऊ का?" असंही विचारतात. ती वेगळी सहल आहे. तिच्यासाठी पहाटे चारला निघावं लागतं. रतनगडाचंही तसंच.

भंडारदरा म्हणून आपण जिथे उतरतो, ते गाव शेंडी. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. तळं म्हणजे प्रवरेवरच्या धरणाचा जलाशय. दगडी बांधकामाच्या या धरणाचं काम 1910 साली सुरू झालं आणि 10 डिसेंबर 1926 रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. साठा सुमारे 11 टीएमसी, म्हणजे 11 अब्ज घनफूट पाणी. जुन्या नकाशांवर आर्थर लेक दिसेल. आता जलाशयाला राघोजी भांगरे यांचं नाव आहे. ते याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. इंग्रजांविरुद्ध बंड केलं म्हणून 1848 साली ठाण्याला त्यांना फाशी दिली.

धरणाचं हे सगळं सांगायचं कारण म्हणजे छत्री धबधबा. धरणाच्या पायथ्याशी गोलसर कातळावरून पाणी चहूबाजूंनी खाली पडतं आणि छत्री उघडल्यासारखी दिसते. पण ती उघडते धरणातून पाणी सोडलं तरच. एक कुटुंब फेब्रुवारीत मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत आलं, "इथे न्या" म्हणून. नेलं. कातळावर एक शेळी बसली होती! पोरं शेळीवर खूश झाली, वडील आमच्यावर नाराज. रंधा धबधब्याचंही पावसाळा सोडला तर असंच. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेंडीत फोन करून पाणी सुटलंय का विचारतो आणि जे असेल ते तुम्हाला सांगतो.

आमचा नेहमीचा क्रम असा. सकाळी सहाला नाशिक सोडायचं. सहा म्हणजे सहा. साडेसातला निघालात तर रविवारी घोटीच्या पुढे तुमच्या आधी निम्मं नाशिक आणि निम्मी मुंबई पोचलेली असते. चहा-पोहे घोटीला. डिझेल आम्ही आधीच भरतो. रोख पैसे मात्र तुम्ही घोटीतच काढून ठेवा, पुढे मोबाइलला रेंज नसली की स्कॅन करून पैसे देता येत नाहीत. शेंडीत न थांबता आधी थेट रतनवाडी गाठायची, कारण गर्दी तिथे अकरानंतर येते.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर घाईने बघू नका. काळ्या दगडाचं, डोक्यापासून पायापर्यंत कोरलेलं. शिलाहार राजा झंझ याने बांधलं असं सांगतात. भर पावसात गाभाऱ्यात पाणी साठतं आणि पिंड पाण्याखाली जाते. बाहेरच्या शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी वरपर्यंत चढत जातात. पाऊस थांबल्यावर दोन मिनिटं त्या ओळींखाली उभे राहा, दगडाच्या खाचांतून पाणी थेंबथेंब उतरताना दिसेल. बाजूच्या पुष्करणीत भिंतींतल्या देवळ्यांमध्ये विष्णूच्या मूर्ती आहेत. ढग हलले तर मागे रतनगड आणि त्याचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, दिसतं. नाही हलले तर नाही, त्याचे पैसे परत मिळत नाहीत.

जेवण रतनवाडीतच, घरगुती. सकाळी आठच्या आत माणसं किती ते सांगा, आम्ही पुढे कळवतो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि इंद्रायणीचा भात. मावशी काठवटीत भाकरी थापतात, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवतात, उलटतात आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी लावतात; ती तिथे टम्म फुगते. एकेक भाकरी अशी होते, त्यामुळे दुपारी दोनला न सांगता दहा जण गेलात तर तास लागेल. चिडू नका.

जेवणानंतर दोनच पर्याय. एक, साम्रद-घाटघर: कोकणकड्यावरून खाली कोकण दिसतं. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, त्यामुळे जुलैत बहुतेक वेळा फक्त धुकं दिसतं; हा पर्याय सप्टेंबरनंतर घ्या, सोनकीची पिवळी फुलंही तेव्हाच. दोन, परत शेंडीला येऊन धरण आणि रंधा. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर दुसराच बरा. दोन्ही करायचा हट्ट धरला तर परतीचा बारीचा घाट अंधारात आणि धुक्यात येतो. ड्रायव्हर नाही म्हणाला तर आम्ही त्याच्या बाजूने असतो.

पाण्यात पोहायला उतरू नका. काठ चिकणमातीचा, पाय घसरला की एकदम खोल. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं एका तालात उघडझाप करतात. पण ही रात्रीची सहल, घरी यायला मध्यरात्र उलटते. हा अभयारण्याचा भाग आहे. वन खातं रात्रीच्या प्रवेशाचे नियम ठरवतं, ते पाळावेच लागतात. तिथे टॉर्च, फ्लॅश आणि हेडलाइट बंद.

हिशेबाचं: किलोमीटर आमच्या ऑफिसपासून ऑफिसपर्यंत मोजतो, ही सहल दोनशेच्या आसपास बसते. टोल, पार्किंग आणि वन खात्याचं प्रवेश शुल्क वेगळं, पावतीप्रमाणे. 15 ऑगस्टच्या आसपास आणि पावसाळी शनिवार-रविवारी एकेरी वाहतूक असते, रस्ता लांबतो, किलोमीटर वाढतात. ते आधीच लक्षात घ्या. बुधवार-गुरुवार जमत असेल तर तेव्हाच जा. गाडीत दारू चालणार नाही, नाक्यावर तपासणीही असते.

आणि ओल्या कपड्यांसाठी मोठी पिशवी आणा. सीट ओली राहिली, तर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून वणीला जाणाऱ्या आजी आम्हाला सप्तशृंगी गडापर्यंत ऐकवत नेतात.