गणिताचा क्लास आणि ड्रॉप-इन केंद्र
सोलापुरात इंजिनिअरिंगच्या मुलाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला की घरचे आधी क्लास शोधतात. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत अशा वेळी आणखी एक दार उघडं असतं, ते म्हणजे गणिताचं ड्रॉप-इन मदत केंद्र. कॉव्हेंट्री विद्यापीठात असं केंद्र १९९१ साली सुरू झालं, लफबरोमध्ये १९९६ साली. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे फुकटचा क्लासच की! पण क्लास समजून तिथे गेलं तर हाती फारसं काही लागत नाही.

क्लासला पोर्शन असतो, बॅच असते. केंद्रात यातलं काहीच नाही. ठरलेल्या तासांत कधीही जायचं, आपली वही उघडून बसायचं, अडलं की विचारायचं. शिक्षक शेजारी येऊन आधी पाहतात, तुम्ही कुठपर्यंत आलात. असाइनमेंट ते सोडवून देत नाहीत.

समजा, एकीचं एम-थ्रीमधलं इन्व्हर्स लाप्लासचं गणित अडलंय. अंशात १ आणि छेदात एस वर्ग अधिक ४एस अधिक १३. क्लासमध्ये सर ते फळ्यावर सोडवतात, ती उतरवून घेते आणि तशाच पुढच्या गणितात पुन्हा थांबते. केंद्रात वही पाहिली की कळतं, लाप्लासची सूत्रं तिला येतात. छेद ‘(एस अधिक २)चा वर्ग, अधिक ९’ असा मांडता येत नाही. म्हणजे राहिलीय ती दहावीची पूर्ण वर्ग पद्धती! तेवढी पक्की झाली की उरलेलं गणित ती स्वतः सोडवते. चूक दोन पायऱ्या मागे जाऊन शोधणं, माझ्या मते केंद्राचं खरं काम हेच.

तिथे फक्त कच्ची मुलं जातात असंही नाही. चांगले मार्क मिळवणारेही जातात, काहीजण तर मित्रांसोबत तिथेच अभ्यासाला बसतात. ज्यांना सर्वात जास्त गरज असते, त्यांतले बरेच जण संकोचापायी फिरकत नाहीत, याचं वाईट वाटतं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाचा पाया सलग शिकायचाच राहिलेला असेल, तर त्याने क्लास लावावा. एकेक शंका विचारून ती पोकळी भरत नाही.

केगावच्या सोलापूर विद्यापीठात किंवा शहरातल्या कॉलेजांत असं केंद्र चालवायचं तर एक खोली, एक फळा आणि शिकवण्याची आवड असलेले एम.एस्सी.चे विद्यार्थी यांवर सुरुवात होऊ शकते. फक्त ते सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यापासून उघडं हवं. परीक्षेच्या तोंडावर झालेल्या गर्दीत कुणाची वही निवांत पाहता येत नाही.