यकृतातली चरबी आणि एचआयव्ही: एका बदलत्या कारणाचा माग

१९८१मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले, तेव्हा या आजाराची ओळख होती झिजत जाणारा देह. यकृतात चरबी आहे का, हे बघायला उसंत कोणाला होती?

१९८७मध्ये झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध आलं. पुढच्या दशकात डिडॅनोसिन आणि स्टॅव्हुडिन आली. ही औषधं विषाणूला अडवत, पण आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या घटकांच्या, डीएनएची नक्कल करणारं एन्झाइमही अडवत. मायटोकॉन्ड्रिया थकले की यकृताला चरबी जाळता येत नाही. ती पेशींत बारीक थेंबांच्या रूपात साचते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतं. काही जण त्यात दगावले. स्टॅव्हुडिन घेणाऱ्यांचे गाल बसत, हातपाय काटकुळे होत. गोळी सुरू असल्याचं चेहऱ्यावरूनच कळे. ही गोळी स्वस्त होती आणि तिने असंख्य जीव वाचवले, हेही तितकंच खरं. ती टप्प्याटप्प्याने बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९मध्ये सांगितलं. माझ्या मते हे बऱ्याच आधी व्हायला हवं होतं.

मधल्या काळात एचआयव्ही असलेल्यांचं यकृत बिघडलं की संशय आधी हिपॅटायटिस बी आणि सीवर जाई. २०१३नंतरच्या नव्या गोळ्यांनी हिपॅटायटिस सी पूर्ण बरा होऊ लागला आणि त्याच्या आड राहिलेली चरबी ठळक दिसू लागली.

आज कारणं वेगळी आहेत. १९९६पासूनच्या, अनेक औषधं एकत्र देणाऱ्या उपचारांमुळे माणसं दीर्घायुषी झाली, त्यांचं वय वाढलं, वजन आणि रक्तातली साखरही वाढली. डोल्युटेग्रॅव्हिरसारख्या एचआयव्हीवरच्या नव्या औषधांवर काहींचं वजन आणखी चढतं. शिवाय विषाणू दबलेला असला तरी शरीरात मंद दाह धुमसत राहतो, म्हणून सडपातळ माणसालाही यकृतातल्या चरबीचा हा आजार होऊ शकतो. रक्तातल्या यकृताच्या एन्झाइमचा रिपोर्ट नॉर्मल असूनही यकृतात चरबी असू शकते. यकृत किती कडक झालंय, हे फायब्रोस्कॅन ही तपासणी सांगते.

उपचारांची वाट आत्ता कुठे दिसू लागली आहे. टेसामोरेलिन हे पोटाच्या चरबीवरचं इंजेक्शन. २०१९च्या एका चाचणीत त्याने यकृतातली चरबीही घटली. २०२४मध्ये आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइड हे मधुमेह आणि वजनावरचं इंजेक्शन घेणाऱ्यांत ती २४ आठवड्यांत सरासरी ३१ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं.

तरी सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' वाचून कोणी घाबरून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, थांबवू नये, ही कळकळीची विनंती. ती भीती स्टॅव्हुडिनच्या काळातली आहे. गोळ्या थांबल्या की विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागतो.