मांजराला पाव गोळीसुद्धा नको

मांजर लंगडायला लागलं किंवा त्याचं अंग तापलेलं वाटलं की कुणीतरी सुचवतंच, पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या, एवढ्याशा जिवाला पुरे. पण वजनाचा हा हिशेब इथे चालत नाही.

आपलं यकृत पॅरासिटामॉलचा मोठा भाग ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून लघवीवाटे घालवतं. या जोडणीला लागणारं एक महत्त्वाचं विकर बनवणारं जनुक मांजरात निकामी आहे. वाघ-सिंहांचंही तेच. पिढ्यान्‌पिढ्या मांसच खाल्लं, वनस्पतींतली विषं निपटायची वेळ फारशी आली नाही, म्हणून जनुक मोडूनही काही अडलं नसावं, असं संशोधकांना वाटतं.

उरलेल्या वाटा अपुऱ्या पडतात आणि औषधाचं रूपांतर घातक रसायनांत होतं. त्यांना आवरणाऱ्या ग्लुटाथायॉनचा साठा आटला की पहिला घाव रक्तावर बसतो. माणसात जास्त मात्रेने यकृत आधी बिघडतं, मांजरात तांबड्या पेशी. ज्यांच्यावर हा हल्ला होतो ते गंधकयुक्त गट माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत 2 मोकळे असतात, मांजराच्या रेणूत 8. शिवाय त्यातलं लोह बदलून मेथहिमोग्लोबिन तयार होतं, आणि ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. रक्त चॉकलेटी दिसू लागतं. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, धाप लागते, तोंड आणि पंजे सुजतात. हे सगळं काही तासांतच.

किलोमागे 10 मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. 500 च्या गोळीचा चतकोर म्हणजे 125 मिलिग्रॅम; चार किलोच्या मांजराला किलोमागे 31 हून जास्त!

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकांचा मार पोटावर आणि मूत्रपिंडांवर. ॲस्पिरिन शरीरातून निम्मं व्हायलाच मांजराला दीड दिवसाहून जास्त लागतो, त्यामुळे रोज दिलं तर साचत जातं. आपण गुडघ्याला चोळलेलं मलमही चाटण्यातून पोटात जातं. फ्लर्बिप्रोफेनच्या मलमामुळे मांजरं आजारी पडून दगावल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2015 मध्ये तसा इशारा दिला होता.

मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक पशुवैद्य मांजरांना देतात, हे खरं. पण ती मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजलेली असते, आणि आधी मूत्रपिंडं तपासलेली असतात.

गोळी पोटात गेलीच तर लक्षणांची वाट पाहू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. गोळ्यांची पट्टी घेऊन थेट पशुवैद्य गाठा. पॅरासिटामॉलवर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. त्यातून ग्लुटाथायॉन पुन्हा तयार होतं, पण तो जितका लवकर मिळेल तितकी आशा जास्त.